मामांची जपानी शेगडी

कारखान्यातून निघालेली प्रत्येक वस्तू अर्धवट असते आणि ती पुरी करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मिठबावच्या त्यांच्या घरात एकही वस्तू कंपनीने पाठवली तशी उरलेली नाही. मिक्सरला सायकलची मूठ आहे, पंख्याला घरी बनवलेली चौथी पात आहे, आणि पडवीतल्या लोणच्याच्या बरणीत आजवर उरलेले सगळे स्क्रू आहेत. ‘उरलेले’ म्हटलेलं मामांना खपत नाही. ‘कंपनीन जास्ती घातलेले,’ म्हणायचं. जन्मभर बोटीच्या इंजिनरूममध्ये काम केलेल्या माणसाशी स्क्रूवरून कोण वाद घालणार? माहितीपत्रक तर त्यांना वर्ज्यच. "जावयानू, वाचून मशीन समजणा नाय, हात लावन समजता," हे तत्त्वज्ञान मी त्या चार पातींच्या बंद पंख्याखाली घाम पुसत कितीदा तरी ऐकलं आहे.

अशा माणसाने कामाडो नावाची शेगडी मागवली, त्याला कारण मामींचे गुडघे. मामी चुलीपुढे बसून निखाऱ्यावर बांगडे भाजायच्या, तेव्हा वासाने शेजारीसुद्धा काहीतरी निमित्त काढून यायचे. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले, खाली बसणं बंद झालं आणि चूल थंड पडली. गॅसवरच्या बांगड्याला मामी ‘भाजलेलो नाय, नुसतो तापलेलो’ म्हणत आणि करतच नसत. स्वयंपाक व्हायचा, पण उरकल्यासारखा. पूर्वी रांधताना त्या गुणगुणायच्या, तेही थांबलं होतं आणि मामांना तेच सोसत नव्हतं. मामींना खाली बसता येत नाही ना, मग विस्तवच वर आणायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि एक दिवस टेम्पोतून कोळशावरची ती जपानी धाटणीची शेगडी उतरली. जाडजूड चिनी मातीचं एक प्रचंड अंडं, वरचा अर्धा भाग झाकणासारखा उघडणारा, खाली हवेची खिडकी, डोक्यावर धुराचं भोक. मामींनी एकदाच पाहिलं. "ह्या भूत माझ्या दारात नको. मी हात लावचंय नाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेगडीबरोबर चाकांची लोखंडी घडवंची आली होती. मामांनी ती कोंबड्यांना दिली आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चिऱ्यांचा चौथरा बांधायला घेतला. टेप घरात असताना मापाला बांबूची एक काठी, तिला मध्येच खाच. ही खाच त्यांनी कशी पाडली ते मी पाहिलं होतं. मामी ओट्यापाशी चहा करत होत्या आणि मामा मागून त्यांच्या कोपराला काठी लावत होते. "माका कित्याक मापतास? कपाट करतास काय माझा?" मामी डाफरल्या. चौथरा तीनदा बांधला, दोनदा मोडला. तिसऱ्यांदा जमला, तरी वरचा थर सिमेंट न लावता नुसताच ठेवलेला. मी म्हटलं, झालं, हेही काम अर्धवटच! मामा हसले आणि काठी लावून चौथऱ्याची उंची पुन्हा तपासू लागले.

उचलण्याआधी आतलं कोळशाचं मडकं बाहेर काढा, हे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर होतं, असं मला नंतर कळलं. आम्ही दोघांनी ते अंडं सगळ्या ऐवजासकट उचललं. माझी कंबर आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. दोन बोल्ट बरणीत गेले. मग मामांनी ते आतलं मडकं शांतपणे बाहेर काढलं आणि विहिरीवरच्या टाकीत रात्रभर बुडवून ठेवलं. आमच्याकडे नवं मडकं आणलं की भिजवतात, त्यात पेज शिजवतात, मगच वापरतात. "नव्या मातयेक आदी पाणी पाजूक होया," मामा म्हणाले.

सकाळी मामींनी टाकीत डोकावून कपाळाला हात लावला. "अवो, ह्या काय मडक्या नाय. ह्या भट्टीतसून भाजून इलाहा. आता तापयलास तर फुटतला!"

मामांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. पंधरा दिवस ते मडकं आमसुलांच्या शेजारी उन्हात वाळलं. हात लावणार नाही म्हणणाऱ्या मामी आमसुलं परतताना गुपचूप तेही फिरवत होत्या, असं बायकोने मला सांगितलं.

पहिल्या जाळाला मी मुद्दाम गेलो. मामांनी करवंट्यांचा कोळसा काठोकाठ भरला आणि वरखाली दोन्ही तोंडं उघडी टाकली. झाकणावरचा उष्णतेचा काटा भराभर चढला. आतून ‘टिक’ असा आवाज आला. मग दुसरा. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माहितीपत्रक शोधायला घेतलं, पण ते बरणीखाली चिकटून बसलं होतं. तेवढ्यात मामी भिंतीला धरून बाहेर आल्या. "बाजूक व्हा." त्यांनी कान लावून ऐकलं, खालची खिडकी बोटभर ठेवून बंद केली, वरचं भोक अर्धं झाकलं. चुलीतलं लाकूड मागे ओढावं इतक्या सहज. आवाज थांबला. तासाभराने त्यांनी मासे मागितले, "आता हाडा बांगडे."

मसाल्यातल्या तिरफळांचा वास आमच्या नाकाशी पोचला, तेव्हा मामी गुणगुणत होत्या. मामा पाठमोरे होऊन उगाचच काठी पुसत होते.

जेवण झाल्यावर मी पुन्हा त्या सुट्या थराचं काढलं. मामा मामींकडे बघत हळूच म्हणाले, "ती आता दरवर्साक थोडी थोडी वाकता. पुढे हो थर काढूक लागतलो. तेव्हा उचलूक तुमकाच बोलवतलंय."

या माणसाला मी इतकी वर्षं हसलो, त्याची मला फार लाज वाटली. मामी शेगडीपाशी ताठ उभ्या होत्या, कोपर बरोबर जाळीच्या उंचीवर.

"बोलवा," मी म्हटलं, "पण इतक्यात नको."