निळ्या अक्षरांतलं वाक्य

दिनांक १५ नोव्हेंबर २००७, गुरुवार. भोकरदनच्या बसस्टँडसमोरच्या इंटरनेट कॅफेत मी एका तासाचे पंधरा रुपये आगाऊ भरले. हजर तिघं होतो : मी, कॅफेवाला आणि माझा धाकटा भाऊ. भाऊ आमच्या गावाहून, धावड्याहून, त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आला होता. मजकुरात एकच जागा रिकामी होती. आजोबांच्या नावाआधी ‘श्री.’ छापायचं की ‘कै.’, हे आमच्या घरात सव्वीस वर्षांत कुणी ठरवलं नव्हतं.

एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात वडील सकाळी ओट्यावर चहा पिऊन उठले आणि मंठ्याला बैल बघायला जाऊन येतो म्हणून निघाले. मंठ्यात ते कुणालाच दिसले नाहीत. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. शोधाशोध झाली, पोलिसांत कळवलं, दवाखाने पाहिले. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, अशी रीत आहे. आईने ती होऊ दिली नाही. "येतीन ते," एवढंच म्हणायची. कुंकू लावत राहिली, हळदीकुंकवाला जात राहिली. बायका तिची ओटी भरायच्या, पण भरण्याआधी एकमेकींकडे बघायच्या.

आता कॅफेचं सांगतो. मी भोकरदनला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत होतो. मालकाच्या मुलाने सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत सुरू केला, म्हणून त्या वयात मला इंग्रजी शिकावी लागली. कॅफेवाल्याने एक साइट दाखवली. भाषा शिकणारी जगभरची माणसं तिथे रोज चार ओळी लिहीत, आणि ज्यांना ती भाषा चांगली येते ते त्या दुरुस्त करत. चुकलेल्या शब्दावर लाल रेघ यायची. राहून गेलेलं निळ्या अक्षरांत भरलं जायचं. फी नाही. तुम्ही दुसऱ्याचं दुरुस्त करायचं, कुणीतरी तुमचं करायचं. मला हा व्यवहार पटला.

"काका, या वयात इंग्रजी?" कॅफेवाला म्हणायचा. "वर गेल्यावर यमासंगं बोलायचंय का?"

"तो तरी तुझ्यापेक्षा स्वस्त लावतो का, ते विचारायचंय."

मराठी शिकणारं तिथे एकच माणूस मला भेटलं. माणूस म्हणतो, कारण बाई की पुरुष ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका ओळीत ‘मी गेलो’ असायचं, पुढच्या ओळीत ‘मी आले’. कोणतं ठेवू, असं विचारल्यावर उत्तर आलं, "तुम्हाला बरोबर वाटेल ते." देशाच्या जागी एका थंड देशाचं नाव होतं. फोटोची चौकट रिकामी होती. मराठी कशासाठी शिकता, या प्रश्नाला उत्तर आलं नाही. मात्र माझी इंग्रजी तेच माणूस सर्वांत नेमकी दुरुस्त करायचं.

दुरुस्तीबरोबर नमुन्याचं एखादं वाक्य द्यायची तिथे पद्धत होती. मी घरचीच वाक्यं देत गेलो. ‘आई भाकरी करते.’ ‘वडील ओट्यावर बसले आहेत.’ ‘वडील बशीत चहा ओततात.’ नमुन्याच्या वाक्याला कुणी पुरावा मागत नाही. ते माणूस हीच वाक्यं घेऊन सराव करायचं. सुरुवातीला जशीच्या तशी लिहायचं. मग एके दिवशी हे आलं : ‘वडील ओट्यावर बसले आहेत. ते चहा पितात. त्यांच्या डाव्या पायातला जोडा सैल आहे.’

मी खुर्ची मागे सरकवली. वडील गेले त्या सकाळी त्यांच्या डाव्या पायातला जोडा सैल होता. आईने त्यात कापडाची घडी घालून दिली होती. हे मी कुठे लिहिलं होतं? माझ्या सगळ्या दुरुस्त्या पहिल्यापासून काढून तपासल्या. ‘सैल’ मी सदऱ्याबद्दल लिहिलं होतं. ‘डावा पाय’ बैलाचा होता. ‘जोडा’ दुकानात विकत घेतलेला होता. शब्द सगळे माझेच होते. जोडणी माझी नव्हती.

हे वडील कोणाचे, असं मी विचारलं. उत्तर आलं : ‘तुमच्या वाक्यांतले. मी दुसऱ्या मराठी वडिलांना ओळखत नाही.’

त्यानंतर मी घरची वाक्यं बंद केली. सरकीची, रुईच्या गाठींची देऊ लागलो. तिकडून मात्र वडीलच येत राहिले. ‘वडील उठले.’ ‘वडील वळून बघतात.’ दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसायचं. शेवटी हे थांबावं म्हणून मी माझ्या इंग्रजीच्या चार ओळींत सरळ खरं ते लिहिलं : एक्याऐंशी साली एका सकाळी माझे वडील बाहेर गेले.

त्या गुरुवारी, भाऊ शेजारच्या स्टुलावर बसलेला असताना, ते पान मी उघडलं. लाल रेघ एकही नव्हती. शेवटी निळ्या अक्षरांत एक वाक्य भरलेलं होतं, आणि खाली मराठीत टीप : ‘हे लिहायचं राहून गेलं असेल.’

"काय लिव्हलंय?" भावाने विचारलं.

"संध्याकाळी ते परत आले."

"कोण?"

मी जोड्यापासून सगळं सांगितलं. त्याने मजकुराचा कागद उलगडला. "मंग कार्डावर काय छापू? प्रेसवाल्याला हेच दाखवू का?" मग हळूच म्हणाला, "आईला बोलू नको बरं, बिलकुल."

आईला सांगितलं ते त्यानेच.

रविवारी मी धावड्याला गेलो. ओटा सारवलेला होता आणि त्यावर घोंगडी टाकलेली होती. मी टेकायला गेलो तर आई आतून म्हणाली, "तिथं बसू नको. इकडं बस."

मी उंबऱ्याशी बसलो. भाऊ खांबाला टेकून उभा होता.

"त्यानं जोडा बराबर सांगितला म्हणं," आई म्हणाली.

"योगायोग आहे आई. शब्द माझेच होते."

"तुझे कशे? तू तर झोपेल व्हता तव्हा. तुला जोड्याचं कुठून म्हाईत?"

"तूच सांगितलंस ना पुढे कधीतरी."

"म्या कव्हा सांगितलं? म्या कोणालाच न्हाई सांगितलं."

मी आठवून पाहिलं. खरंच मी त्या सकाळी गच्चीवर झोपलो होतो. तरी घडी घालणारे आईचे हात मला दिसत होते, आजही दिसतात.

भावाचा धीर सुटला. "आई, कार्ड उद्या द्यायचंय. पोराकडचे लोक रोज फोन करून राह्यले. आजोबा हाय का न्हाई, काय सांगू त्यांना?"

आई घोंगडीकडे बघत होती. मला म्हणाली, "ते संध्याकाळी आले, असंच लिव्हलंय ना?"

"हो."

"त्या माणसाला चूक दाखवता येती का?"

"येते."

"मंग दाखव. त्या संध्याकाळी दारात मी व्हते. दिवा लावून बसल्ते. ते न्हाई आले."

एवढं बोलून ती उठली. घोंगडी उचलून अंगणात झटकली, घडी केली आणि आत नेऊन ठेवली. भावाने तोंड फिरवलं.

सोमवारी मी त्या निळ्या वाक्यावर रेघ मारली, बरोबर वाक्य खाली लिहिलं आणि आईने दुरुस्त केलं आहे, असंही लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याच दिवशी पत्रिका ‘कै.’ घालून छपाईला गेली.

लग्नाच्या आधी धावड्याच्या ओढ्याकाठी विधी झाला. पळसाचे देठ मी मोजून गुरुजींच्या हातात देत होतो. पुतळा पूर्ण झाला तेव्हा भावाने खिशातून जुन्या लुगड्याची एक घडी काढली. आईने दिली होती. डाव्या पायाशी ठेवा, असा तिचा निरोप होता. ठेवली, आणि मग अग्नी दिला. त्या दिवशी आईच्या कपाळाकडे आम्ही दोघांनी बघितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी कॅफेत गेलो. तिकडून नवीन लिखाण आलेलं होतं, दोनच ओळी : ‘ओट्यावर कोणी नाही. बशीतला चहा अजून गरम आहे.’

चूक काही नव्हती. ‘बरोबर’वर खूण करून मी उठलो. त्या माणसाचं लिखाण पुन्हा आलं नाही.

"काका, आजून अर्धा तास बाकी हाय," असं म्हणत कॅफेवाला साडेसात रुपये परत करत होता. मी घेतले नाहीत. गुरुजींची दक्षिणा, पाचशे एक रुपये, भावाने ओढ्यावरच दिली होती. इथली दक्षिणा, पूर्ण पंधरा रुपये, कॅफेवाल्याला मी दिली.