नदीकाठच्या दशम्या

बायको लसणाची चटणी कुटायला लागली, की मला अजून जर्मनीतली ती नदी आठवते.

मी मूळचा खुटबाव गावचा, तेव्हा शिक्रापूरच्या कारखान्यात फिटर होतो. नव्या मशीनच्या ट्रेनिंगला कंपनीनं मला आणि आमच्या साहेबांना तिकडं धाडलं होतं. रविवारी साहेब मला नदीकाठची चित्रांची दोन म्युझियमं दाखवायला निघाले. माझ्या पिशवीत बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या अन् चटणी होती. हॉटेलच्या दारात, चार लोकांदेखत, माझ्या बोलण्याची नक्कल करत ते म्हणाले, "काय रं, खुटबावच्या बांधावर चाललाय व्हय? ती घाण माझ्यापासून लांब ठेव."

पहिल्या म्युझियममध्ये मला चित्रं दिसलीच नाहीत. नुसते कान तापले होते.

दुसरं पुलापलीकडं होतं. वाटेत दुकानं बंद, उघडं होतं तिथं मांस भाजत होतं, आणि साहेब शुद्ध शाकाहारी. भुकेनं त्यांची चाल मंदावली. पाण्याकडेच्या बाकावर बसून मी फडकं सोडलं. लसणाचा वास सुटला.

आमच्याकडं फडकं सोडलं, की वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही "या जेवायला" म्हणतात. साहेब त्याचीच वाट बघत शेजारी टेकले.

"घरची चटणी का रे?"

"व्हय साहेब. लई वास मारती. जरा लांब बसा."

शेवटची दशमी मी नदीकडं बघत, सावकाश संपवली. त्या वेळी नोकरी जाईल या भीतीनं चटणीची चवही कळली नव्हती. आता नुसतं आठवलं, तरी तोंडाला पाणी सुटतं.