चार वाजताचं ऊन

समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पश्चिम, उजव्या हाताला उत्तर, डाव्या हाताला दक्षिण आणि पाठीमागे डोंगराकडे पूर्व. हे मला बाबांनी अंगणातल्या दगडी गडग्यावर उभं करून शिकवलं, तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. आमचं गाव रत्नागिरीच्या खाली, किनाऱ्याला. दिशा कधी विचार करून ठरवाव्या लागतात हे मला माहीतच नव्हतं. भूक लागली की कळते तशा त्या कळायच्या.

आर्किटेक्चरला चेन्नईत प्रवेश मिळाला म्हणून मी चेन्नईला आले, दुसरं काही कारण नाही. पहिली दोन वर्षं कशीबशी गेली. तिसऱ्या वर्षाला डिझाइनच्या विषयात मी आपटले आणि वर्ष गेलं. तेव्हा बाबा ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाले की एकदा होतं माणसाचं; पण पुन्हा झालं तर सामान बांधून ये, पतसंस्थेत बोलून ठेवलंय, चिकटवतील. बाबा शब्दाचे पक्के. त्या पतसंस्थेचा काउंटर मला इथं चेन्नईत, अड्यारला बसून दिसायचा. त्यावरचा ओला स्पंज, शिक्का, आणि जाळीच्या पलीकडून माझ्याशी ताई म्हणून बोलणारी सगळी गावची माणसं. मला घरं बांधायची होती हो. लहानपणापासून दुसरं काही नकोच होतं. ते स्टुडिओतल्या, म्हणजे डिझाइनच्या वर्गातल्या, कोणाला सांगावं तर हसतील, म्हणून सांगत नव्हते.

तर हे वर्ष म्हणजे शेवटची संधी. विषय होता छोटी बाजारपेठ. माझ्याबरोबरची मुलं पुढे गेलेली, बरोबर बसायला सगळे ज्युनियर, म्हणून साइटचं मोजमाप मी एकटीनंच केलं. अड्यारच्या खाली कोळ्यांची वस्ती आहे, तिथल्या रस्त्याच्या कडेला बायका मासळी विकायला बसतात. छत्र्या, फळ्या, बर्फाचे डबे. त्यांच्यासाठी शेड करायची असं मी ठरवलं. जागा रस्त्याला लागून, समुद्र मागे दोन गल्ल्या पलीकडे, घरांच्या आड. मी जायची ती दुपारी बारा-साडेबाराला, कारण दोन वाजता स्टुडिओ भरायचा. तेव्हा बायका रिकाम्या असत, जेवत असत, बोलत असत. बाजार तीननंतर भरायचा. सूर्य तेव्हा डोक्यावर, सगळ्यांच्या सावल्या पायाखाली.

त्यांच्यातली एक माझ्याशी जास्त बोलायची. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणायला लागले. पन्नाशीची असेल. माझं तमिळ बसच्या तिकिटापुरतं, पण ती दमायची नाही. दर वेळी एकच गोष्ट सांगायची. वेयिल, वेयिल, म्हणजे ऊन, ऊन. तोंडावर हात फिरवून दाखवायची. चेहऱ्याची एक बाजू नव्हे, सगळा चेहराच करपलेला. मी वहीत लिहून घेतलं, 'सावली हवी'. आणि मनात म्हटलं, देते की छप्पर. केवढी मोठी डिझायनर मी.

आता मूर्खपणा ऐका. फोनात नकाशा असतो, होकायंत्र असतं, सगळं असतं. मी नकाशा उघडला, तो मला कसासाच वाटला, म्हणून दोन बोटांनी फिरवला. समुद्र डावीकडे आला तेव्हा सरळ वाटला. तसाच उतरवून घेतला, समुद्राचा भाग कागदाबाहेर गेला म्हणून सोडून दिला, आणि वरच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढला. ऐटीत. बंगालचा उपसागर पूर्वेला आहे हे मला माहीत नव्हतं का? भूगोलात मला पैकीच्या पैकी होते. पहिल्या महिन्यात मुलींबरोबर संध्याकाळी बीचवर गेले होते, तेव्हा सूर्यास्ताची वाट बघत बसले आणि सगळ्या मला हसल्या होत्या. मीही हसले. म्हणजे डोक्याला माहीत होतं. हाताला नव्हतं. आमची घरमालकीण मामी तंजावरकडच्या मराठी घरातली, रोज सकाळी दारात उभी राहून समुद्राच्या बाजूला तोंड करून सूर्याला नमस्कार करायची. वर्षभर मी तिच्या बाजूनं चपला घालून कॉलेजला जात होते. शिरा पडो माझ्या डोळ्यांवर.

मग पुस्तकात सांगितलं तसं सगळं केलं. पश्चिमेचं ऊन वाईट, म्हणून पश्चिमेला, म्हणजे मला वाटत होती त्या बाजूला, जाड भिंत आणि वर बारीक झरोके. पूर्वेला रस्ता, तिकडे सगळं उघडं, बायका रस्त्याकडे तोंड करून बसतील, सकाळचं कोवळं ऊन येईल. मॅडमना आवडलं. मॅडम माझ्या गाइड, फारसं कौतुक करणाऱ्यातल्या नव्हेत. म्हणाल्या, या वेळी तू विचार केलेला दिसतोय. मी त्या दिवशी घरी फोन करून बाबांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आदल्या दिवशी सहाही शीट छापून झाल्या होत्या, मॉडेल चिकटवून झालं होतं. राहिला होता मॉडेलचा एक फोटो. मला वाटलं, मॉडेल साइटवरच नेऊन खऱ्या उजेडात फोटो काढू, चांगला येईल. रिक्षात मांडीवर मॉडेल धरून गेले. चार वाजले होते. बाजार भरलेला. अक्कानं आपली फळी थोडी सरकवून जागा करून दिली. मी मॉडेल नकाशाप्रमाणे ठेवलं, उघडी बाजू रस्त्याकडे, भिंत मागे.

आणि ऊन रस्त्याकडून आत आलं. सरळ आत. मी पुठ्ठ्याच्या छोट्या बायका करून बसवल्या होत्या, त्या सगळ्या पांढऱ्याफटक दिसायला लागल्या, मागच्या भिंतीपर्यंत उजेडच उजेड. आधी मला वाटलं घड्याळ चुकलंय. खरंच वाटलं. मग मी मागे वळून समुद्राच्या बाजूला पाहिलं. तिकडचं आकाश निळं, गार, रिकामं. तिकडून वारा येत होता. तो माझ्या जाड भिंतीवर आपटून थांबला असता.

पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. या बायका इतकी वर्षं इथं तोंडावर ऊन घेत बसतात, कारण गिऱ्हाईक रस्त्याकडूनच येतं आणि रस्ता पश्चिमेला आहे. अक्का महिनाभर मला तेवढंच सांगत होती. आणि मी तिला काय दिलं, तर ऊन तसंच ठेवून वारा बंद केला. भट्टी करून दिली.

अक्का मॉडेलसमोर उकिडवी बसली. रागावली नाही, हसलीही नाही. तिनं आपला पंजा आडवा केला आणि मॉडेलच्या उघड्या बाजूवर, छपराच्या कडेला लावून, रस्त्याकडे खाली तिरका धरला. सावली आत पसरली आणि पुठ्ठ्याच्या बायका दिसायला लागल्या. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं की असं करता येईल ना. मी हो म्हणून मान हलवली. फोटो तेवढे काढले, कारण फोटो काढायला आले होते.

परतताना बसमध्ये मी हिशेब मांडत होते, म्हणजे रडत होते. सगळं पुन्हा काढायला एक रात्र पुरली नसती. बाण उलटा करावा तर सगळं डिझाइन त्या एका बाणानं उघडं पडतं. खरं सांगायचं तर मार्ग होता. पुठ्ठ्याची एक पट्टी तिरकी चिकटवायची आणि ज्युरीला सांगायचं की दिशा चुकली, काल कळलं, ही दुरुस्ती. अर्ध्या तासाचं काम. पण बाहेरून येणारे परीक्षक कडक आहेत असं सगळे म्हणत होते, आणि तिसऱ्या वर्षाला उत्तर दिशा चुकणाऱ्या मुलीला कोण पास करतं? मला तो ओला स्पंज दिसत होता. माझी पाचावर धारण बसली होती.

अड्यारला उतरून फोटो छापायला दुकानात गेले. सगळ्यात चांगल्या फोटोत अक्काचा हात आला होता, मनगटापर्यंत, काचेच्या दोन बांगड्या आणि अंगठ्याला चिकटलेले खवले. दुकानदारानं विचारलं, हात ठेवू की कापू. दुसरा एक फोटो होता, बिनहाताचा, उन्हानं भरलेला. पण तो हलला होता. मी म्हटलं, कापा. त्यानं हात कापला, सावलीही कापली, आणि उरलेल्या भागात उजेड वाढवून दिला.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर सकाळी अकराला लागला. बाहेरचे परीक्षक वयस्कर, पांढरा शर्ट, हातात पेन्सिल. मी पाठ केलेलं बोलायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं, उठून शीटजवळ गेले आणि मॅडमना म्हणाले की सकाळपासून पश्चिमेच्या उन्हाचा विचार केलेली ही पहिली मुलगी. मग पेन्सिल उघड्या बाजूवर ठेवून म्हणाले, पूर्वेकडून समुद्राचा वारा आत येणार, सुंदर. चेन्नईत पूर्व म्हणजे समुद्र. त्या माणसाच्या हाताला ते माहीत होतं. माझा चुकीचा बाण आणि त्यांचा बरोबर समुद्र, दोन्ही मिळून माझी शेड निर्दोष झाली होती.

मी काहीच बोलले नाही. अजूनही मला वाटतं की तिथवर ठीक होतं, गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पण मग ते फोटोकडे वळले. बराच वेळ पाहत राहिले.

"उजेड छान पकडलाय. किती वाजताचा?"

मॅडमही माझ्याकडे पाहत होत्या. मला तेव्हा सांगता आलं असतं. 'चार' हा केवढासा शब्द.

"सकाळी आठचा, सर."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी शीट उतरवायला घेतल्या, तर टाचण्या सारख्या हातातून पडत होत्या, शेवटी ज्युनियर मुलीनं काढून दिल्या. तिला वाटलं, आनंदानं.

निकाल लागला. पास, आणि नुसती पास नाही, वर्गात दुसरी. मॅडम म्हणाल्या की परीक्षकांनी ट्रेनिंगसाठी स्वतःच्या ऑफिसात अर्ज करायला सांगितलंय. मी घरी फोन केला. आई रडली. बाबा म्हणाले, पतसंस्थेत नाही म्हणून कळवतो. एवढंच. पण त्यांचा आवाज मोठा झाला होता, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका.

अक्काला मी कबूल केलं होतं की मास्तर काय म्हणाले ते येऊन सांगेन. दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. खरं सांगू, सगळं सांगायचं ठरवून गेले होते. बसमध्ये तमिळ वाक्यं जुळवत होते. पोचले तेव्हा चारच वाजले होते. ती रस्त्याकडे तोंड करून बसलेली, छत्री तिरकी केलेली, तरी ऊन तिच्या गळ्यापर्यंत येत होतं. मला पाहून तिनं डोळ्यांवर हात धरला. पास का, म्हणून विचारलं. हो म्हटल्यावर शेजारच्या बायकांना ओरडून सांगितलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. चारचौघींत माझी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

मग अक्कानं तोच हात डोळ्यांवरून काढला, आडवा केला, आणि हवेत खाली तिरका धरला. मी सांगितलं ते केलंस ना, असं विचारत होती.

"केलं," मी म्हटलं.

तिनं मला चार बांगडे कागदात बांधून दिले. पैसे घेईना. आमच्या मामीच्या घरात मासळी चालत नाही, शिजवायची सोय नाही, हे सांगायला मला तोंड नव्हतं. घेतले. बसमध्ये खिडकीशी बसले, मांडीवर कागद ओला होत चालला होता. बाबांचा फोन आला. पेढे वाटून झाले होते, कोण कोण काय म्हणालं ते सांगत होते. मी मध्येच म्हटलं,

"बाबा, इथं समुद्र पूर्वेला आहे."



"असेना का," ते म्हणाले. "तू पास झालीस ना?"

झाले, मी म्हटलं.