थर्मासचं पोतं

मी आजवर जिंदगीत एकच कपडा शिवला, आणि तो थर्माससाठी होता.

आमच्या घरात शिवणाचं खातं गयाकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं होतं. तिला कुठलीच वस्तू उघडी बघवत नसे. रेडिओला खोळ, टीव्हीला झालर, माठाला टोपडं! (मी बंडीला ठिगळ मागितलं की मात्र म्हणायची, "थांबा, आधी फ्रीजचं होऊ द्या.") मागच्या साली ती गेली. घरातल्या सगळ्या वस्तू अंगभर कपड्यात राहिल्या, उघडा पडलो तेवढा मी.

लेक सिंधू सेलूला दिलेली. मी एकदा दुधाचं पातेलं जाळलं. एकदाच! पण शेजारच्या कौसाबाईनं, म्हणजे माझ्या चुलत भावजयीनं, पातेलं घासून व्हायच्या आत सिंधूला फोन लावला. दुसऱ्या दिवशी लेक नवाकोरा थर्मास घेऊन आमच्या पेडगावात हजर.

"आबा, सकाळी एकदाच चहा करायचा अन् ह्यात भरून ठेवायचा. घडीघडी गॅसजवळ जायचं न्हाई. मी रविवारी येते. सगळं नीट दिसलं तर ऱ्हावा इथं. न्हाई तर गपचूप पिशवी भरायची अन् माज्यासंगं सेलूला यायचं. कळलं का?"

कळलं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण मला सेलूला जायचं नव्हतं. लेक लय चांगली, जावई तिच्याहून गरीब स्वभावाचा. पण तिथं गयाचं काहीच नाही.

म्हणून मी घर झाडलं, भांडी लावली, सगळं गयानं ठेवलं होतं तसं केलं. फक्त तो थर्मास! एवढ्या खोळी-झालरींच्या मधी तो स्टीलचा गडी, पंगतीत कुणी उघड्या अंगानं येऊन बसावं तसा चमकत होता. गया असती तर दुपारच्या आत त्याला कपडे चढवले असते. म्हटलं, रविवारी सिंधूला तिच्या आईचंच घर दिसलं पाहिजे. शिवतोच!

कापडाला तोटा नव्हता. ओटीत आलेले खण ट्रंकेत पडून होते. त्यातला हिरवा, सोनेरी काठाचा काढला. कात्री सापडली नाही, विळा सापडला. सुई सापडली, पण तिच्यात दोरा ओवायला डोळे सापडले नाहीत. मग काढलं दाभण आणि सुतळी. दाभणावर माझा हात पक्का. सोयाबीन म्हणा, तूर म्हणा, मोंढ्यावर, धान्याच्या बाजाराला जाणाऱ्या पोत्यांची तोंडं शिवण्यातच माझी उमर गेली. आणि पोत्याचा कायदा असा, की आधी भरायचं, मग तोंड शिवायचं, आणि उचलायला दोन्ही कोपऱ्यांना कान सोडायचे.

रविवारी सकाळी चहा केला (पातेलं शाबूत!), थर्मासात भरला, झाकण आवळलं, खण दुमडून बाजू शिवल्या, थर्मास आत उतरवला आणि हात आपोआप चालायला लागला. टाका घाल, ओढ, टाका घाल, ओढ. अशी शिलाई, की हमालानं ट्रकवरून फेकलं असतं तरी आतला दाणा सांडला नसता! दोन कान सोडले, सुतळी विळ्यानं कापली, कानाला धरून उचलून बघितलं. झकास!

मग मला चहाची तलफ आली.

मी थर्मास फिरवून बघितला. उलटा करून बघितला. तेवढ्यात दारातून कौसाबाई.

"भावजी, काय करायलाव?"

"थर्मासला कपडा शिवलाय."

"अन् त्याचं झाकण?"

"आतमधी हाय."

"अन् चहा?"

"तोबी आतमधीच."

कौसाबाई उंबऱ्यावरच बसली. "अगं माय! मोंढ्यावर न्यायलाव का ह्याला?" मग तिनं डोळे बारीक केले. "थांबा थांबा. ह्यो खण तर मी गयाबाईला दिल्ता! पोखर्णीला नरसिंहाला गेलो, तवा."

"तुमी दिल्ता काकू?" मागून सिंधूचा आवाज आला. एसटी नेमकी आजच वेळेवर! "ह्यो तर माज्या सासूनं मला दिल्ता. मी तुमाला दिला, तुमच्या पूजेला!"

कौसाबाई एकदम छताकडं बघायला लागली. आमच्याकडं खण शिवत नाहीत, पुढं सरकवतात. हा खण किती गावं हिंडला, किती ओट्या फिरला, देवच जाणे! एकाही बाईनं त्याला सुई लावली नाही. लावलं ते मी, आणि लावलं तेही दाभण!

सिंधूनं ते पोतं दोन्ही कानांना धरून उचललं. फिरवून फिरवून बघितलं. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली. धोतरं किती, गयाचा फोटो कशात गुंडाळायचा... बघतो तर लेकीचे खांदे हलायलेत. रडायली, म्हटलं. जवळ गेलो, तर हसायली! आई गेल्यापासून पोरगी हसली नव्हती. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

"आबा, हे आईनं बघायला पायजे होतं."

"बघितलं असतं तर उसवलं असतं," मी म्हणालो.

शेवटी सिंधूनंच विळ्यानं तोंड कापलं. चहा कडकडीत होता. तिघांनी बशीत ओतून फुरके मारत पिला.

संध्याकाळी ती एसटीला निघाली. मी भीतभीत विचारलं, "मग? माजी पिशवी भरू का?"

"नगं आबा. तुमी इथंच बरे. माज्या घरी कुकर हाय."

गावात मी सांगतो, की लेकीला बापाचं मन मोडवेना. खरं म्हणजे तिला कुकरची शिट्टी माझ्या दाभणापासून वाचवायची होती!