फक्रुद्दीन कल्हईवाल्याच्या अंगणातला उजेड

गडमुडशिंगीत कल्हईवाल्याचं घर विचारलं की कुणीही हात वर करून सांगायचं, "त्यो शेवगा दिसतोय न्हवं पावणं, त्येच्या बुडात धूर निघतोय, त्येच घर." घर दोन खोल्यांचं, पण अंगण ऐसपैस. मधे जमिनीत खणलेली भट्टी, तिला जोडलेला चामडी भाता, आणि भोवतीनं गावभरची तांब्यापितळेची भांडी उताणी पडलेली. या अंगणात फक्रुद्दीन तीस वर्षं बसला आणि त्याची बायको इमामबी तीस वर्षं त्याचा भाता हलवत राहिली. एकुलती लेक जुलेखा कुरुंदवाडला दिलेली. त्यामुळं भांडायला, बोलायला आणि रुसायला दोघांना दोघंच.

फक्रुद्दीनच्या बापाचा एक दंडक होता. उन्हात कल्हईचा शेवटचा हात द्यायचा नाही. उन्हात पितळही चमकतं आणि कथीलही चमकतं, कुठं लागलं, कुठं राहिलं कळत नाही. म्हणून दिवसभर भांडी घासायची, तापवायची, आणि सूर्य कलला की दिव्याच्या उजेडात कथील फिरवायचं. बाप गेला, कंदील गेला, गावात वीज आली, तरी दंडक तसाच राहिला.

गडबड सुरू झाली ती झुंबरबाईच्या पातेल्यापासून. झुंबरबाई म्हणजे शेजारची, तीन म्हशींची मालकीण आणि तीन गल्ल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजाची. एका सकाळी ती पातेलं घेऊन अंगणात आली आणि ते दाणकन् आपटून म्हणाली, "फक्रूभाई, ताक कळकलं की वो माजं! सगळं वतून दिलं! बुडात बघा, तळव्याएवढं काळं राहिलंय. डोळं मिटून कल्हई केलीसा काय?"

फक्रुद्दीन चिडला. आयुष्यात त्याच्या हातचं भांडं कधी परत आलं नव्हतं. "डोळं माजं चांगलं हाईत," तो गुरगुरला. "ह्यो बल्बच रोगी हाय. साठचा बल्ब म्हंजे काय उजेड म्हणायचा व्हय?"

झालं. त्या दिवसापासून उजेडाच्या मागं लागला गडी. साठचा काढून शंभरचा लावला. तो शेवग्याच्या फांदीला टांगला, तर म्हणे डोक्याची सावली भांड्यात पडते. मग तारेनं ओढून भट्टीवर आणला, तर म्हणे डोळ्यावर येतो. मग कुणाच्या तरी लग्नातली ग्यासबत्ती आणली. तिचा पंप मारून मारून इमामबीचे खांदे दुखायला लागले. बत्ती फुरफुर करत अशी पेटली की अंगणातली मुंगी दिसावी. फक्रुद्दीन तिच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "जाळीच खराब हाय हिची. दिव्याभवती कडी दिसत्यात बघ, लाल, निळी."

इमामबीनं बघितलं. कडी नव्हती. स्वच्छ पांढरा उजेड होता. पण ती नुसती "हां" म्हणाली.

त्यानंतरच्या महिन्यांत तिला काय काय दिसायला लागलं! तो उंबऱ्याला ठेचकाळत होता. ताटातली भाकरी चाचपून घेत होता. तिनं त्याला गाजरं खायला घातली, शेळीचं दूध पाजलं, दर्ग्यात जाऊन चादरीचा नवस बोलली. रात्री ती मनातल्या मनात अल्लाशी भांडायची. माझे घे, माझ्या डोळ्यांचं काय काम आहे, भाता तर आंधळीलाही हलवता येतो. अखेर, माझ्या दम्याचं औषध आणायचंय अशी थाप मारून तिनं नवऱ्याला कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं मुकाट तपासून घेतलं, यातच तिला कळायला पाहिजे होतं.

फक्रुद्दीन बाहेर चपला शोधत होता तेव्हा डॉक्टरांनी तिला थांबवलं. "काचबिंदू आहे, मावशी. फार उशीर केलात. गेलेली नजर परत येत नाही. उरलीय ती नावापुरती, तीही थेंबांनी टिकली तर टिकली."

ती बाहेर आली. फक्रुद्दीननं विचारलं, "काय म्हणाला डाक्टर?"

आता खरं सांगायचं तर इमामबीचं खोटं कधी लपत नव्हतं. बोललं की तिचे कान लाल व्हायचे. पण तिचे कान बघणारा आता होता कुठं? ती म्हणाली, "डोळं चांगलं हाईत म्हणाला. उजेडात काम करा म्हणाला."

"मी काय बोंबलत हुतो येवढं दिस?" फक्रुद्दीनचा चेहरा असा फुलला की तिला रडूच फुटलं. "चल. आता ट्यूबच घेऊ. लांब नळीची!"

ट्यूब घेण्याचं कारणही तसंच होतं. गणपतरावांच्या घरी लग्न निघालं होतं. गणपतराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, मनानं दिलदार. झुंबरबाईच्या पातेल्याची बोंब गावभर होऊनही त्यांनी लग्नाची सगळी भांडी फक्रुद्दीनकडंच पाठवली होती, तीन हंडे, दोन घंगाळी, आमटीची मोठी पातेली. निरोप होता, "आमच्या घरची कल्हई तुमच्याच हातची, भाई." अख्खा गाव त्या भांड्यांतलं जेवणार. भांडं काळं राहिलं, आमटी कळकली, तर पंगतीच्या पंगती ओकाऱ्या काढत उठणार. ती भांडी अंगणात आल्यापासून इमामबीला झोप नव्हती.

दुकानात ट्यूब लावून दाखवली. गल्ल्यावरच्या पोरग्यानं बटण दाबलं, पट्टीतला चोक घुंऽऽ करून वाजला, नळी लुकलुकली आणि भरदुपारी दुकानात आणखी एक दुपार झाली. फक्रुद्दीन लगेच म्हणाला, "आहाहा! काय उजेड! बघितलास काय गं? असा उजेड पायजे!" इमामबीला वाटलं, दिसलं. त्याला दिसलं! डॉक्टरला काय कळतंय, मेल्याला. परत येताना बसमध्ये ती ट्यूब मांडीवर आडवी धरून बसली, तान्हं मूल धरावं तशी, आणि कुणाचा धक्का लागला की वसकन अंगावर जात होती.

गावातला वायरमन कृष्णात दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पट्टी भट्टीमागच्या भिंतीवर ठोकली, वायर जोडली, उंबऱ्याजवळ बटण बसवलं. जाताना म्हणाला, "चाची, एक सांगतो. सांजच्याला उसाच्या पाण्याच्या मोटारी चालू असत्यात. होल्टेज खाली येतंय. ट्यूबला होल्टेज लागतंय बघा. वाईच थांबाय लागंल." इमामबीनं ऐकलं आणि सोडून दिलं. कोल्हापुरात पेटलेली ट्यूब गावात पेटणार नाही असं कसं होईल?

सूर्य कलला. फक्रुद्दीन भट्टीपुढं बसला. गणपतरावांचा पहिला हंडा निखाऱ्यांवर तापत होता, नवसागराचा धूर नाकात जात होता. अंधार पडत पडत अंगणातलं सगळं काळं झालं, फक्त निखारे तेवढे लाल राहिले. इमामबी उंबऱ्याशी गेली.

"लावू काय?"

"लाव की!"

तिनं बटण दाबलं. चोक घुंऽऽ करून वाजायला लागला. ट्यूबची दोन्ही टोकं विडीच्या टोकासारखी तांबडी झाली. नळी मात्र काळीच्या काळी. इमामबी वर बघत थांबली. आता लागेल, आता लुकलुकेल. लांब शेतांतून मोटारींचा आवाज येत होता.

आणि त्या काळोखातून फक्रुद्दीनचा खणखणीत आवाज आला, "वा रं वा! दुपार केलीस की! सगळं सगळं दिसायलंय बघ आता!"

इमामबीचा हात बटणावरच राहिला.

तो बोलतच होता. "आता कोण म्हणतंय फक्रूची कल्हई काळी राहत्या म्हणून? बोलीव त्या झुंबरबाईला! ह्यो बघ, हंडा कसा चांदीवाणी झालाय!" कथलाची कांडी फिरत होती, कापसाचा बोळा फिरत होता, आणि ती अंधारात उभी राहून ऐकत होती. दुकानातही त्यानं हेच ऐकलं होतं. ट्यूब नव्हती बघितली त्यानं, चोक ऐकला होता. डॉक्टरकडंही तो मुकाट बसला, कारण त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. ती त्याच्यासाठी खोटं बोलत होती आणि तो तिच्यासाठी.

गप्प राहावं, असं तिला फार वाटलं. पण निखाऱ्यावरचा हंडा गणपतरावांचा होता. ती जवळ गेली, त्याच्या शेजारी बसली.

"अवो," ती म्हणाली, "ट्यूब लागलीच न्हाय."

बोळा थांबला. "मग वाजतंय काय?"

"चोक. होल्टेज न्हाय. समदा काळोख हाय."

 फक्रुद्दीननं हंडा चिमट्यानं उतरवून बाजूला ठेवला, नेमका, जिथं ठेवायचा तिथं. तीस वर्षांची जागा हाताला पाठ होती.

"उद्या गणपतरावांची भांडी पोचती कर," तो म्हणाला. "म्हणावं, फक्रूनं कल्हई बंद केली. गारगोटीचा इलाही चांगला करतोय, त्येला द्या म्हणावं. लोकांच्या पोटाशी खेळायचं न्हाय." मग आवाज खाली आला. "मला वाटलं हुतं, ह्या उजेडात तरी दिसंल गं. खरंच वाटलं हुतं."

तिनं त्याचा हात धरला. काजळीनं भरलेला, भट्टीनं भाजलेला हात.  आणि तेवढ्यात शेतातल्या मोटारी बंद झाल्या असाव्यात. डोक्यावर ट्यूब एकदा लुकलुकली, दोनदा लुकलुकली आणि लखकन् पेटली.

अंगण पांढरंफेक झालं. शेवग्याचं पान न् पान दिसलं. हंड्याच्या आत कल्हई सुटून राहिलेले काळे डाग दिसले, एक नव्हे, कितीतरी. फक्रुद्दीनच्या पांढऱ्या दाढीत घळघळा उतरणारं पाणी दिसलं. तो कधीच कुणासमोर रडला नव्हता. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि ट्यूबच्या भलत्याच बाजूला, कोऱ्या भिंतीकडं लागले होते. चोक मघासारखाच वाजत होता.

"तुलाबी काय दिसत नसंल न्हवं?" त्यानं विचारलं. तोंड पुसायची त्याला गरज वाटली नाही.

इमामबीनं त्याच्याकडं बघितलं. तिचे कान लाल झाले.

"न्हाय," ती म्हणाली. "काय सुदीक दिसत न्हाय."

"मग बस जरा हितंच," तो म्हणाला.