एकतीस नंबरचा गुडघा

नसत्या उठाठेवी करण्यात आमच्या साडूंचा हात धरेल असा माणूस जर्मनीच्या अख्ख्या बायर्न प्रांतात सापडायचा नाही. माणूस राहतो म्युनिकजवळच्या गार्चिंगला, तिथल्याच एका संशोधन संस्थेत संगणकांची देखभाल बघतो, सासुरवाडी सांगलीची, आणि काळजी वाहतो ती मेलबर्नमधल्या एका फुटबॉल क्लबाची. फुटबॉल म्हणजे जर्मनीत खेळतात तो नव्हे. तो असता तर निदान शेजाऱ्यांनी तरी त्यांना वाटून घेतलं असतं. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू लंबगोल, मैदान लंबगोल, एका बाजूला अठरा माणसं, हातही चालतो, पायही चालतो, आणि नेम चुकून चेंडू शेजारच्या खांबाजवळून गेला तरी एक गुण देतात. चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ आमच्या साडूंना आवडावा याचं मला काही नवल वाटत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जर्मनीत येण्याआधी ते सहा वर्षं मेलबर्नला होते. तिथून येताना लोक मध आणतात, लोकरीच्या टोप्या आणतात; यांनी हा क्लब आणला. नुसते सामने बघत असते तर मी एक वेळ समजून घेतलं असतं, पण सामना ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब. त्यांचा जीव अडकलाय तो यादीत. क्लबाकडे चाळीस-पंचेचाळीस खेळाडूंची यादी असते. दर वर्षी मोसम संपला की त्यातले काही काढतात, काही दुसऱ्या क्लबांशी अदलाबदल करून आणतात, आणि नवी कोवळी पोरं सगळे क्लब पाळीपाळीनं वाटून घेतात. त्यात जो क्लब मोसमात शेवटी आला त्याला निवडीचा मान पहिला. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुणाला आणायचं, यावर चाहते बारा महिने भांडतात, आणि त्यात साडू आघाडीवर. त्यांच्या फ्रिजच्या दारावर पूर्वी कचऱ्याचं वेळापत्रक होतं, तपकिरी डबा कधी बाहेर ठेवायचा, निळा कधी. ते काढून तिथे ही यादी लागली. मग दोन वेळा तपकिरी डबा भरलेलाच राहिला आणि शेजारणीनं दारावर कडक शब्दांत चिठ्ठी चिकटवली. साडूंनी ती नीट वाचली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या वर्षीची बचावफळी मांडली.

आमच्या सासूबाई दर वर्षी उन्हाळा संपता संपता तीन महिने इकडे येतात. त्यांना हे प्रकरण माझ्या आधी कळलं. साडूंनी त्यांना पोळ्या करताना तासभर समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे स्थळं बघण्यासारखंच की." ते अगदी खरं होतं. मुलाची उंची, वजन, घरची माणसं कशी, आधी कुठे दुखलंखुपलंय का, दुसरं कोणी मागणी घालून बसलंय का, ही सगळी चौकशी साडू गार्चिंगमध्ये बसून करतात. आणि ही नजर त्यांना इतर वेळी बाजूला ठेवता येत नाही. मंडळाच्या गणपतीत लेझमाचं पथक बघून ते मला म्हणाले होते की दोघांचं वय झालंय, एकाची पाठ धरलीय आणि बदली माणूस कुणीच नाही. बाड हॉम्बुर्गला एका ओळखीच्यांकडे लग्नाला गेलो, तर नवरदेव मांडवात येताक्षणी यांनी मत दिलं, "उंची आहे, पण वळायला जड." नवरदेवाचे वडील आमच्याच रांगेत बसले होते. त्यानंतर त्या घराशी आमचा संबंध दिवाळीच्या शुभेच्छांपुरता उरला.

पण माझा खरा वैताग म्हणजे त्यांचं 'आपण'. मराठीत 'आम्ही' असा ऐकणाऱ्याला मोकळं सोडणारा छान शब्द आहे. साडू तो वापरत नाहीत. आपण त्या डावखुऱ्याला सोडायला नको होतं. आपल्याकडे मधल्या फळीत दम नाही. आपण या वर्षी दोन उंच पोरं उचलू. मेलबर्नमध्ये दुपारी सामना सुरू होतो तेव्हा म्युनिकमध्ये शनिवारची पहाट असते. पावणेसहाला माझा फोन वाजतो आणि आपलं काय चाललंय हे मला कळवलं जातं. आठवडाभर एस-बान लोकलचे धक्के खाल्लेला माणूस मी, एक शनिवार झोपायला मिळतो. एकदा मी चिडून विचारलं, की या सगळ्यात मी कुठे आलो. साडू मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "आल्झो," म्हणजे जर्मनांचं 'हे बघा', "तुम्ही घरचेच ना."

आणि मग त्यांनी मला खरोखरच यात ओढलं. म्युनिकच्या आसपास त्यांना या क्लबाचे आणखी दोन चाहते सापडले. एक रूथ, गार्चिंगलाच संशोधन करणारी मूळची मेलबर्नची बाई. तिच्या मते यादीतल्या सगळ्यांनाच काढून टाकावं. दुसरे एगॉन, निवृत्त ट्रामचालक. त्यांनी जुन्या बाजारात या क्लबाचा मफलर नुसता रंग आवडला म्हणून घेतला, आणि घेतलाच आहे तर म्हणून निष्ठाही पत्करली. जर्मनीत तीन माणसांना एकच गोष्ट आवडली की ती फेराइन काढतात, म्हणजे रीतसर नोंदलेली संस्था. पण नोंदणीला सभासद सात लागतात. चाहते तीन होते. उरलेले चार म्हणजे ताई (साडूंची बायको), माझी बायको, मी आणि सासूबाई. सासूबाईंनी संस्थेच्या घटनेखाली ठसठशीत देवनागरीत सही केली आणि सवयीनं वर एक 'श्री' काढला. त्यावर नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं, की वरची खूण हा नावाचाच भाग आहे की काही पदवी आहे. साडूंनी दोन पानी खुलासा पाठवला. मला वाटलं आता तरी प्रकरण फिसकटेल, पण खुलासा मान्य झाला.

मला श्रिफ्टफ्यूरर केलं. म्हणजे सभेचा वृत्तान्त लिहिणारा. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं आहे. आणि वृत्तान्त टाइप करून द्यायचा असतो. मी ईमेलनं राजीनामा दिला. तो परत आला. राजीनामा कागदावर सहीनिशी हवा आणि तोही वर्ष संपायच्या तीन महिने आधी, असा नियम साडूंनीच घटनेत घातला होता. मला तो दर वर्षी नोव्हेंबरात आठवतो. ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी गार्चिंगच्या एका खानावळीच्या मागच्या खोलीत आमची वार्षिक सभा भरते. तिथे एकेका खेळाडूवर चर्चा होऊन मतं घेतली जातात आणि ठराव टपालानं मेलबर्नला जातो. आजवर एकाही पत्राला उत्तर आलेलं नाही. साडूंच्या मते तिकडे विचार चालू आहे. या कामात माझा वाटा एकच. माझं मत विचारलं की मी 'एंटहाल्टुंग' म्हणतो, तटस्थ. सहा वर्षं मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा मोठ्या अभिमानानं तटस्थ राहिलो होतो.

मागच्या वर्षीचा वाद एकतीस नंबरचा होता. उंच, काटक, आता केसात पांढरं डोकावणारा गडी. मैदानाच्या मध्यावर चेंडू आपटून उडवतात, तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसांकडे ढकलणं हे त्याचं काम. उड्या मारून मारून डाव्या गुडघ्याची वाट लागलेली, दोन शस्त्रक्रिया झालेल्या. अर्धे चाहते म्हणत काढा, अर्धे म्हणत एक वर्ष द्या, आणि साडू रोज इंटरनेटवर दोन-दोन तास लिहून एक वर्ष मागत. घरात सकाळ-संध्याकाळ त्याच्या गुडघ्याचा विषय. सासूबाईंचा समज झाला की हे साडूंच्या ऑफिसातले कुणी गृहस्थ असावेत. त्यांनी स्वतःसाठी सांगलीच्या वैद्यांकडून आणलेली तेलाची बाटली काढून दिली. "जावईबापू, हे त्यांना द्या. चोळून गरम पाण्यानं शेका म्हणावं." दुसऱ्या कुणीही गैरसमज दूर केला असता. साडूंनी बाटली खोक्यात बांधली, कसं चोळायचं ते इंग्रजीत लिहिलं आणि पार्सल ऑस्ट्रेलियाला पाठवलं. झाडपाल्याच्या गोष्टी त्या देशात येऊ देत नाहीत. महिना-दीड महिन्यानं बाटली लाल चिठ्ठी लावून परत आली, तेव्हा सासूबाईंना खरा प्रकार कळला. त्या एवढंच म्हणाल्या, की खेळणारा असला म्हणून दुखायचं थोडंच राहतं.

सभेत एकतीस नंबरची पाळी शेवटी आली. रूथ म्हणाली, काढा. एगॉननी वय, दुखापती आणि हुकलेले सामने यांचा तक्ता करून आणला होता. तक्ताही 'काढा' असंच म्हणत होता. माझी बायको एका गाड्यांच्या कंपनीत माणसांची भरती बघते, तिनंही सन्मानानं पण काढा असं सांगितलं. सासूबाईंनी ठेवा म्हटलं. ताई म्हणाल्या, ठेवा, निदान घरात शांतता राहील. तीन विरुद्ध दोन. साडूंचं मत सगळ्यांना ठाऊकच होतं, म्हणजे तीन विरुद्ध तीन होऊन निकाल माझ्यावर येणार होता. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला घाम फुटला, आणि त्याबद्दल स्वतःचाच राग आला, कारण त्या माणसाचं पूर्ण नावही मला धड म्हणता येत नाही.

तेवढ्यात साडूंनी आपलं मत आधी घ्यायला सांगितलं, आणि त्यांनी हात वर केला तो काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं.

रूथनं हातातला ग्लास खाली ठेवला आणि नक्की ना, म्हणून विचारलं. साडूंनी सभेला जर्मनमध्ये सांगितलं की त्याचा गुडघा गेलाय, आणि आपल्याला आवडतो म्हणून माणसाला पळवत ठेवायचं नसतं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात मराठीत म्हणाले, "मी तिथे होतो तेव्हाच्या यादीतला हा शेवटचा. बाकीचे सगळे गेले. याला मी या डोळ्यांनी खेळताना पाहिलंय. हा गेला की त्या यादीत मी पाहिलेला एकही माणूस राहत नाही. मग आपण 'आपण' कुठल्या तोंडानं म्हणायचं?"

मी म्हणालो, "ठेवा त्याला."

"चार झाले. ठराव पास झाला," साडू म्हणाले. "पण तुमचं लिहून घ्या."

मी लिहिलं, चार विरुद्ध तीन. कोट चढवताना ताईंनी मला सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मेलबर्नच्या पहिल्या हिवाळ्यात साडू एकटेच होते. भारतात त्यांचे वडील गेले आणि त्यांना वेळेत पोहोचता आलं नाही. परत कामावर आल्यावर एका सहकाऱ्यानं त्यांना ओढून सामन्याला नेलं. तो एकतीस नंबरचा पहिला सामना. पहिल्याच उडीला पोरगा घसरून पडला आणि सगळे हसले. साडूंनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, हा कोणाकडचा. म्हातारा म्हणाला, आपला, आणि बोट आधी स्वतःकडे केलं, मग साडूंकडे. त्या देशात तोवर त्यांना कुणी कशातच धरलं नव्हतं. ताई हे सांगत असताना साडू पुढे जाऊन सासूबाईंना शालीचं टोक शोधून देत होते. मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि इतक्या शनिवारी मी फोनवर केलेल्या कुरकुरीची लाजही वाटली.

आमचं पत्र पोहोचायच्या आतच एकतीस नंबरनं आपण थांबत असल्याचं स्वतः जाहीर केलं. मार्चमध्ये नवा मोसम सुरू झाला. पहिल्या शनिवारी पावणेसहाला मला सवयीनं जाग आली. फोन आला नाही. पुढच्याही शनिवारी नाही. इतकी वर्षं मी मागत होतो ते मिळालं आणि माझी चिडचिड वाढली. शेवटी मीच फोन केला आणि सामन्याचं विचारलं. साडू म्हणाले, "हो, झाला. हरले ते."

'ते' ऐकून मला अगदी कसंसंच झालं. मी हे सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या तेव्हा सांगलीला परतल्या होत्या. त्यांनी व्हिडिओ कॉलवर जावयाला समोर बसवलं आणि सांगितलं, "स्थळ कागदावर बघून कळतं होय? एकदा जाऊन या. एकाला तरी डोळ्यांनी बघून या." साडूंनी आधी सुट्टीचं कारण काढलं, मग ताईंचं, मग संस्थेतल्या कामाचं. ताईंनी तोवर तिकीट काढलं होतं.

मेमध्ये ते गेले. तिथल्या पहिल्याच शनिवारी, म्हणजे माझ्या पहाटे, फोन खणखणला नाही, नुसता थरथरला. एक फोटो आला होता, लांबून काढलेला, हललेला. मैदानात एक काटकुळा पोरगा चार हातापायांवर उठायचा प्रयत्न करत होता, दोन्ही गुडघे चिखलानं माखलेले. खाली एकच शब्द होता, "पाहिला."

मी तो फोटो तसाच सांगलीला पाठवला. पाच मिनिटांत सासूबाईंचा फोन आला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला असावा. म्हणाल्या, "बारीक आहे हो फार. जेवतो का नीट?"

मी तसं साडूंना कळवलं आणि पुन्हा झोपायचा प्रयत्न केला. दोन आठवड्यांनी ते परत येतील आणि माझ्या शनिवारांचं पुन्हा मातेरं करतील, हे मला दिसत होतं. झोप काही लागली नाही. उठून चहा टाकला आणि खिडकीशी बसून राहिलो. उगाचच फार बरं वाटत होतं.