आधी रात्र, मग दिवस

जोडीकाकांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात सुटाचा नुसता कोट घेऊन गेलात, तर आल्या पावली परत याल. आधी ते चष्म्यावरून तुमच्याकडे बघतील, मग कोटाकडे, आणि विचारतील, "पँट कुठाय?" पँट स्वच्छ आहे हो, डाग कोटावरच पडलाय, असं तुम्ही कितीही सांगा. कोट एकटा धुतला की त्याचा रंग किंचित उतरतो, पँट तशीच राहते, आणि मग दोघं अंगावर आले की एक या घरचा आणि एक त्या घरची दिसते. "जोडी आहे, जोडीनं आणा," म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. गिऱ्हाईक तणतणत जातं आणि दुसऱ्या दिवशी निमूट पँट घेऊन येतं.

लोकांना वाटतं, नाव त्यावरूनच पडलं. साफ चूक. नाव पडलं ते दुकानाच्या मागच्या खोलीमुळे. तिथे धुलाईचं मोठं मशीन घरघरत असतं, वाफेची इस्त्री फुसफुसत असते, आणि या सगळ्या गदारोळात जोडीकाकांचं संगीत चालू असतं. संगीत म्हणजे काय, तर मेटल. नाहीतर प्रोग्रेसिव्ह रॉक, ज्यात एकेक गाणं इतकं लांबतं की तेवढ्यात चार शर्टांना इस्त्री होऊन घड्या पडतात. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर केसांचं नाव नसलेला, शर्टाची कॉलर कडक ठेवणारा हा माणूस तोंडानं 'धडाम् धडाम्' करत बायकांचे रेशमी ब्लाउज प्रेस करतो. बघणाऱ्याला हसू आवरत नाही. आवरूही नये, काकांना त्याचं काही वाटत नाही.

त्यातही त्यांना वेड जोडीच्या अल्बमचं. काही बँडना एका अल्बमात सांगून समाधान होत नाही, ते त्याला जुळं भावंड काढतात. कुणी एकाच खुनाची गोष्ट दोनदा सांगतं, एकदा मेलेल्याच्या बाजूनं, एकदा मारणाऱ्याच्या. कुणी तेच सूर एकदा लोखंडाच्या कारखान्यासारखे बडवतं आणि एकदा नुसत्या पियानोवर हळुवार वाजवतं. एक जोडी तर अशी होती की दोन्ही रेकॉर्ड दोन प्लेअरवर एकाच वेळी लावायच्या. काकांनी वरच्या मजल्यावरच्या बाईंचा प्लेअर मागून आणला आणि प्रयोग केला. त्या बाईंची मांजर तेव्हा पळाली ती संध्याकाळी परत आली. बाई अजून आलेल्या नाहीत.

पण सगळ्या जोड्यांची राणी एकच. कुठल्याशा थंड मुलखातल्या पाच केसाळ माणसांनी काढलेले दोन अल्बम. दोन्हींच्या कव्हरवर समुद्रकाठचं तेच घर, एकावर रात्री, एकावर दिवसा. कव्हरवर नंबर नाही, आधी कुठला नंतर कुठला याचा मागमूस नाही. घरी त्यांना 'रात्र' आणि 'दिवस' असंच म्हणत. 'रात्री'त एक बहीण खिडकीत बसलेली असते, भाऊ होडी घेऊन गेलेला, वादळ, ड्रम, किंकाळ्या. 'दिवसा'त ताटं वाजतात, भाऊबहीण एकमेकांची थट्टा करतात, गिटार उन्हात बसल्यागत निवांत वाजते, आणि अगदी शेवटी एक दार लागतं. धप्प. संपलं.

काका आधी 'रात्र' लावत, मग 'दिवस'. भाऊ वादळात जातो, बहीण वाट बघते, आणि मग तो परत येतो, दोघं जेवतात, तो आत येऊन दार लावून घेतो. इतकं सरळ आहे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि त्यांच्या बायकोलाही, जिला दोन्हींचा सारखाच वैताग होता, एवढं पाठ होतं की धप्प झालं की जेवायला वाढायचं.

आणि मग मुलीनं घरी एक मुलगा आणला.

मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला, बोलायला फटकळ, बापाची अतिशय लाडकी. मुलगा शहरबसचा ड्रायव्हर. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात दोघांनी एकाच रेकॉर्डवर हात ठेवला होता. ती बापाच्या वाढदिवसासाठी घेत होती, तो स्वतःसाठी. भांडण झालं, मग चहा झाला, मग पुढचं सगळं झालं. आईला मुलगा बघताक्षणी आवडला, कारण आल्या आल्या त्यानं चपला नीट जोडून ठेवल्या. काकांनाही आवडला. बसच्या ड्रायव्हरला मेटल कळतं म्हटल्यावर त्यांना आकाश ठेंगणं झालं. "बस, बस," म्हणाले, "तुला एक चीज ऐकवतो." आणि 'रात्र' काढली.

मुलीकडून घरातली ही नावं ऐकून असलेला मुलगा सहज बोलून गेला, "काका, आधी 'दिवस' ना?"

आईनं कपात साखर घातली होती ती परत घातली.

"आधी 'रात्र'," काका म्हणाले.

"नाही हो काका. बँडनंच सांगितलंय की मुलाखतीत. 'दिवस' आधी. शेवटी दार लागतं ना, तेव्हा भाऊ बाहेर पडतो. मग 'रात्र'. तो काही परत येत नाही."

"बँडला काय कळतंय!" काका गरजले.

हे वाक्य ऐकून मुलीला हसू फुटलं आणि तिथेच सगळं बिघडलं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार लागलं म्हणजे माणूस घरात आला, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं ते म्हणाले. मुलगा म्हणाला, बाहेर जातानाही दार लागतंच की. बरं, इथे तरी गप्प बसावं! पण नाही, यानं भावी सासऱ्याला दोन गाण्यांतल्या ड्रमचा ठेकाही समजावून सांगितला. संगीताचं वेड असलेल्यांना वेळकाळ कळत नाही, म्हातारा असो की तरुण. तो गेल्यावर काकांनी जाहीर केलं, "हा मुलगा नको."

"का?" मुलीनं विचारलं.

"त्याला ऐकता येत नाही."

"बाबा, तुम्ही एका दारावरून माझं लग्न मोडताय?"

काकांनी पाठ फिरवून 'रात्र' कपाटात ठेवून दिली. मुलीनं मग बोलणं टाकलं. ती काही रडणारी नव्हती. डबा स्वतः भरून घ्यायची, "येते" म्हणायची नाही आणि निघून जायची. तिनं आईला स्पष्ट सांगितलं होतं की लग्न करीन तर याच्याशीच, पण बाबांचं तोंड फिरलेलं असताना नाही. म्हणजे सगळं अडलं होतं ते या एका माणसापाशी. आई दोघांच्या मधे बसून एकटीच बोलत राहायची. "अहो, मला तर दोन्हीकडून सारखाच गोंगाट ऐकू येतो," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यात कोण आत येतंय आणि कोण बाहेर जातंय, तुम्हालाच माहीत. पण पोरगी वाळत चाललीय, हे मला डोळ्यांनी दिसतंय."

काकांनाही दिसत होतं. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मशीन बंद केलं, आयुष्यात पहिल्यांदा 'दिवस' आधी लावला आणि लगेच त्यामागे 'रात्र'. 'दिवसा'च्या शेवटी दार लागलं, धप्प, आणि 'रात्री'च्या सुरुवातीला जो घुमणारा आवाज इतकी वर्षं त्यांना नुसता गोंगाट वाटत होता, तो त्याच धप्पचा होता. काजात बटण बसावं तसं एकात एक बसलं. काका स्टुलावर बसून राहिले. पोरगं बरोबर होतं. हरल्याचं त्यांना दुःख नव्हतं, दुःख भलतंच होतं, आणि ते घरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, कॉलर ताठ केली आणि मुलाची बस गाठली.

आता बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की ड्रायव्हरशी बोलू नये. काका कायद्याचे माणूस. पहिल्या बाकावर बसले आणि गप्प. मुलाला आरशात सासरे दिसले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो एक थांबा विसरला, मागचे लोक ओरडले. पुढच्या सिग्नलला त्यानं हळूच मान वळवली, तर काकांनी बोटानं पाटी दाखवली. असा सगळा प्रवास झाला. लोक चढले, उतरले, एका आजीबाईंनी काकांना सरकून बसायला लावलं, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. मुलानं इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच होते.

"आता बोललं तर चालतं?" काकांनी विचारलं.

"चालतं. काका, आधी मी बोलतो. माझं चुकलं. तुमचाच क्रम बरोबर आहे. आधी 'रात्र'. मी परत नीट ऐकलं."

"खोटं बोलू नकोस!" काका इतक्या जोरात ओरडले की बाहेर उभ्या कंडक्टरनं वाकून आत बघितलं. "लग्नासाठी खोटं बोलतोस? मी ऐकून आलोय. 'दिवस' आधी. दार बाहेरूनच लागतं. तू बरोबर, मी चूक."

मुलगा गोंधळून गेला. "मग... मग अडचण काय आहे?"

काका खिडकीबाहेर बघत बोलायला लागले, आणि एकदा लागल्यावर थांबले नाहीत.

"ही पोरगी झाली ना, तेव्हा फार लवकर झाली. माझ्या तळहातात मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली होती. मला आत जाऊ द्यायचे नाहीत, बाहेर बाकावर बसायचो. हिच्या आईला तर पलंगावरून उठायचीही मुभा नव्हती. माझ्याकडे तेव्हा फक्त 'रात्र'. कॅसेट. कानाला लावून तेच तेच ऐकायचो. ती बहीण वाट बघतेय, वादळ चाललंय, आणि शेवटी काहीच नाही, नुसता वारा. पण कॅसेटच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, हिला जोडीची दुसरी आहे. दुकानदाराला मागवायला सांगितलं होतं, येता येत नव्हती. डॉक्टर काही धड सांगायचे नाहीत. मग मी मनाशी म्हणायचो, थांब, गोष्ट संपली नाहीये. दुसरी यायचीय अजून. दुसरी आल्याशिवाय कसं ठरवायचं?"

मुलानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

"पोरीला पेटीतून काढली त्याच आठवड्यात दुकानदाराचा निरोप आला. घरी आणून लावली. ताटं वाजतायत, हसतायत दोघं. आणि शेवटी दार. मी म्हटलं, आला. आला बाबा घरी. ही पलीकडे पाळण्यात. मी असा ढसाढसा रडलो की हिच्या आईला वाटलं, कॅसेट खराब निघाली." काकांनी नाक ओढलं. "आणि तू आलास चहा प्यायला, आणि म्हणालास तो परत येत नाही. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तुझ्यावर खेकसलो. मूर्खपणा केला. पण भीती वाटली रे."

बाहेर कंडक्टर घड्याळ दाखवत होता. दोघांपैकी एकानंही तिकडे बघितलं नाही.

मुलानं विचारलं, "तिला माहीत आहे हे?"

"लवकर झाली होती, एवढं माहीत आहे. कॅसेटचं नाही. कुणालाच नाही. हिच्या आईलाही नाही."

"तिला सांगा ना, काका. तिला आवडेल."

काकांनी मान हलवली. "मला नाही जमणार. तिच्यासमोर मी सुरू केलं की रडणार, आणि मी रडलो की ती हसणार, माहीत आहे मला ती." त्यांनी खिशातून रुमाल काढला, दुकानातला, कडक इस्त्रीचा, आणि चष्मा पुसला. "तू सांग तिला. घाई नाही. जन्म आहे तुमच्यापुढे."

मुलाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं, आणि गाडीचा हॉर्न बराच वेळ वाजत राहिला. थांब्यावरचे लोक दचकून आत बघायला लागले. परतीच्या फेरीला चढलेल्या एक बाई सगळा रस्ता शेजारणीला सांगत होत्या की हल्ली कसल्या कसल्या माणसांना बस चालवायला देतात, हा तर डोळे पुसत पुसत चालवतोय, आणि तो पहिल्या बाकावरचा म्हातारा त्याला ओरडायचं सोडून वर रुमाल देतोय.